झारी ५०, ६ नग: शाहूपुरीतलं काचसामानाचं दुकान

कोल्हापूरच्या शाहूपुरीत व्हीनस कॉर्नरकडून आत शिरलं की एका गल्लीत हे दुकान आहे. दारावर पाटी आहे, पण तिच्यावर नाव नाही. ‘काचसामान – शाळा, कॉलेज, कारखाने’ एवढीच निळ्या रंगातली अक्षरं. आसपासच्या तालुक्यांतले विज्ञानाचे मास्तर, साखर कारखान्यांचे केमिस्ट, दूध संस्थांचे सेक्रेटरी सगळे त्याला ‘काचवाले’ म्हणतात. मी बावीस वर्षं बारावीला रसायनशास्त्र शिकवते, आणि आजवर तिथे एकदाही गेले नव्हते. सामान कॉलेजचा शिपाई आणायचा, बिलावर मी सही करायची.

या जानेवारीत मात्र स्वतः जावं लागलं. प्रात्यक्षिक परीक्षेआधी मोजदाद केली तर सहा ब्युरेट निकामी निघाल्या. ब्युरेट म्हणजे द्रावण थेंब थेंब मोजून सोडायची, खुणा केलेली काचेची उभी नळी; खाली तिला उघडायला-मिटायला कॉक असतो. दोन फुटलेल्या, तीन कॉकमधून गळणाऱ्या, आणि एकीच्या २० ते ३० मधल्या खुणा पुसून गेलेल्या. ही शेवटची गेल्या वर्षी ऑनलाइन मागवली होती. चकचकीत खोक्यात आली आणि दोनदा आम्लाने धुतल्यावर तिचा रंग उतरायला लागला. ज्या पोराला परीक्षेत ही ब्युरेट मिळेल त्याने २३.४ वाचायचं की २४.४? त्याचे गुण गेले तर तो कुणाकडे दाद मागणार? म्हणून ठरवलं की या वेळी प्रत्येक नग स्वतःच्या हाताने उजेडात धरून बघायचा.

दुकान चालवणारे काका सत्तरीच्या पुढचे. मी यादी दिली. त्यांनी ती वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि लाल कापडी बांधणीच्या चोपडीत लिहिलं. मी उलट्या बाजूने वाचत होते:

‘झारी ५० – ६ नग. नळी १० – १२ नग.’

मला वाटलं दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं काहीतरी लिहितायत. म्हटलं, “काका, मला ब्युरेट हव्यात. पन्नास मिलिलिटरच्या.”

“तेच लिवलंय की बाई. झारी म्हंजे ब्युरेट, नळी म्हंजे पिपेट. बाबांपासनं असंच हाय आमच्यात. बाबांना इंग्रजी येत न्हवतं. मुंबईहून पेटी आली की एकेक वस्तू बाहेर काढायचे, ती काय काम करती ते इचारून घ्यायचे, आन मग नाव घालायचे. जी चोखायची ती नळी. जी धार धरती ती झारी. कॉकला तोटी.”

मी बिल दिलं, पेटी रिक्षात ठेवली आणि घरी आले. पण ते शब्द डोक्यातून जाईनात. कारण ब्युरेट हा शब्द मी बावीस वर्षं उच्चारत होते, फळ्यावर लिहीत होते, आणि त्याचा अर्थ काय हे एकाही मुलाने मला विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही. बुन्सेनचा बर्नर, पेट्रीची डिश ही माणसांची नावं, ती कळतात. थर्मामीटर म्हणजे उष्णता मोजणारा, तेही कळतं. ब्युरेट म्हणजे मात्र नुसता आवाज होता. मग शोधलं, आणि त्या रात्री जेवण एक तास लांबलं.

शब्द फ्रेंच आहे. ‘बुइर’ म्हणजे कान असलेलं, चोचीतून ओतायचं उभं भांडं. त्याचं लहान रूप बुरेट. फ्रेंचमध्ये शेवटी ‘एट’ लागलं की वस्तू धाकटी होते, जसं आपल्याकडे डब्याची डबी होते, नळ्याची नळी, बुधल्याची बुधली. तेल-शिरक्याच्या चोचवाल्या लहान भांड्याला आणि चर्चमध्ये उपासनेच्या वेळी द्राक्षरस नि पाणी ठेवायच्या सुरईलाही फ्रेंच लोक बुरेटच म्हणतात. म्हणजे बुरेट हे देवाच्या आणि जेवणाच्या टेबलावरचं भांडं आधी, आणि प्रयोगशाळेतलं नंतर. मराठीत त्याला एका शब्दात काय म्हणाल? चोच असलेलं, पूजेत आणि घरात दोन्हीकडे चालणारं, बारीक धारेने ओतायचं लहान भांडं. झारी. दुसरा शब्दच नाही.

पिपेटचंही तसंच. ‘पीप’ म्हणजे नळी, पिपेट म्हणजे छोटी नळी. तो पीप शब्द लॅटिनमधल्या पक्ष्याच्या चिवचिवाटाच्या क्रियापदावरून आला: आधी आवाज, मग तो आवाज काढायची बासरी, मग तसल्या आकाराची कुठलीही नळी. जोतिबाच्या जत्रेतून आणलेली पिपाणी आठवा. आपण त्या वस्तूला नाव देतानाही पी-पी असा तिचा आवाजच धरला.

एका शाळाही न संपवलेल्या माणसाने कोल्हापुरात बसून, फ्रेंचचं एक अक्षर माहीत नसताना, दोन्ही नावं बिनचूक लावली. मला हा योगायोग वाटत नाही. वस्तू काय करते हे आधी विचारून नाव द्यायचं ठरवलं, तर दोन वेगळ्या भाषांतली माणसं एकाच ठिकाणी येऊन पोचतात.

पण एक शंका होतीच. आजची ब्युरेट झारीसारखी दिसत नाही. ती सरळ उभी नळी, खाली कॉक, स्टँडला बांधलेली. तिला चोच कुठे आहे? याचं उत्तर ब्युरेटच्या जुन्या रूपात आहे, आणि ते मला या सगळ्यात जास्त आवडलं. हे नाव रसायनशास्त्रात रुजवलं गे-ल्युसॅकने, १८२४ च्या लेखात. वायूंच्या नियमाखाली आपण मुलांना ज्याचं नाव शिकवतो तोच. पिपेट हा शब्दही त्याच लेखातला. त्याची ब्युरेट म्हणजे खुणा केलेली जाड नळी, आणि तिच्या बुडातून निघून बाजूने वर चढत जाणारी दुसरी बारीक नळी, वरच्या टोकाला बाहेर वाकवलेली. म्हणजे चक्क तोटी. स्टँड नाही, कॉक नाही. हातात धरायची, तिरकी करायची आणि थेंब थेंब ओतायची. ती झारीच होती, काचेची.

ते कशासाठी चाललं होतं, हेही आपल्या भागाच्या जवळचं आहे. क्लोरीनने कापड पांढरं करायची रीत बर्थोले या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १७८५ च्या सुमारास काढली. पण ब्लीचचं पाणी जोरदार झालं तर कापड विरतं, कमजोर पडलं तर पिवळं राहतं. मग त्याचा जोर मोजायचा कसा? रूआँ शहरातल्या देक्रुआझी नावाच्या औषधविक्रेत्याने त्यासाठी खुणा केलेली नळी वापरायला सुरुवात केली. ब्लीच निळीचा रंग घालवतं. किती निळीचा रंग किती ब्लीचने जातो ते मोजलं की जोर कळतो. गे-ल्युसॅकनेही १८२४ मध्ये हेच काम नीट बसवलं. मोजायला वापरलेला तो द्राव नीळ विरघळवून केलेला, आणि निळीला युरोपात जे इंडिगो म्हणतात त्याचा अर्थच ‘हिंदुस्थानचं’. माझे वडील इचलकरंजीत कापडाच्या एका प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये मदतनीस होते. ब्लीचच्या टाकीचा नमुना आणायचा आणि त्यातलं क्लोरीन तपासायचं हे त्यांचं रोजचं काम, फक्त निळीऐवजी आयोडीन आणि हायपो (सोडियम थायोसल्फेट). घरी आले की शर्टाला तो वास असायचा. ब्युरेट मुळात याच कामासाठी जन्माला आली हे त्यांना सांगायला हवं होतं. आता ते नाहीत.

ब्युरेटमधून द्रावण सोडत असा जोर मोजण्याला टायट्रेशन म्हणतात. त्या शब्दाकडेही मग बघितलं. पाठ्यपुस्तकात अनुमापन म्हणतात, आणि तो शब्द चांगला आहे. पण मुळातला फ्रेंच ‘तित्र’ म्हणजे सोन्या-चांदीची शुद्धता, तिचा दर्जा. आपल्याकडे त्याला कस म्हणतात. गे-ल्युसॅक पुढे पॅरिसच्या टांकसाळीत कस तपासणारा मुख्य अधिकारी झाला, आणि १८३२ मध्ये त्याने चांदीचा कस मिठाच्या पाण्याने मोजायची रीत प्रसिद्ध केली: चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची, मग ठरावीक ताकदीचं मिठाचं पाणी घालत जायचं, पांढरा साका बसायचा थांबला की थांबायचं. हुपरीची मुलं माझ्या वर्गात असतात, त्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या चांदीचे पैंजण घडतात. त्यांना मी यंदा पहिल्यांदा सांगितलं की टायट्रेशन म्हणजे द्रावणाचा कस लावणं. एरवी वहीत मान घालून बसणाऱ्या एका मुलीने मान वर केली आणि विचारलं, “मग बाई, घरची चांदी इथं आणली तर?” आणू नकोस म्हटलं, पण मिठाचं पाणी आणि सिल्व्हर नायट्रेट घेऊन तो पांढरा साका तिला करून दाखवला.

आता ब्युरेटबद्दल, कारण शेवटी पैसे त्यांचे दिले आहेत.

मी घेतल्या त्या क्लास बी, ५० मिलिलिटर, ०.१ च्या खुणा, टेफ्लॉन कॉक. एक ५८० रुपयांना. क्लास ए सुमारे दुप्पट किमतीला होत्या. पन्नासच्या ब्युरेटला क्लास ए मध्ये ०.०५ मिलिलिटरची चूक चालते, बी मध्ये ०.१ ची. बारावीची मुलं ०.१ पर्यंतच वाचतात, त्यामुळे ए वर पैसे घालायची गरज नाही, आणि हे मला काकांनीच सांगितलं. महागडी वस्तू गळ्यात मारायची संधी होती, ती त्यांनी घेतली नाही. टेफ्लॉनचा कॉकही त्यांच्याच आग्रहाने. काचेच्या कॉकला ग्रीस लावावं लागतं, आणि कॉस्टिक सोडा भरून तशीच ठेवली तर कॉक असा धरून बसतो की ब्युरेट फुटते पण तो सुटत नाही. आमच्या गळक्या तिन्ही काचेच्या कॉकच्याच होत्या.

प्रत्येक ब्युरेटच्या मागच्या बाजूला दुधी पट्टा आणि त्यात निळी रेघ आहे. पाण्याच्या वाकलेल्या पृष्ठामुळे ती रेघ चिमटा काढल्यासारखी निमुळती दिसते आणि त्या टोकावर वाचन घ्यायचं. मागच्या बाकांवरच्या, चष्मा लागलेल्या मुलांना याचा खूप उपयोग होतो. त्या वाकलेल्या पृष्ठाला मेनिस्कस म्हणतात, आणि शोधायच्या भरात तोही शब्द बघितला: ग्रीकमध्ये ‘छोटा चंद्र’. म्हणजे चंद्रकोर! वर्गात सांगितल्यावर मुलींनी लगेच एकमेकींच्या कपाळाकडे बघितलं. तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेत ‘लोअर मेनिस्कस’ न म्हणता ‘कोरीचं बूड बघ’ म्हणतात. परमँगनेटचं द्रावण गडद जांभळं असल्याने त्याचं बूड दिसत नाही, तिथे ‘कोरीची टोकं’.

अचूकता तपासायची माझी रीत साधी आहे. ब्युरेटमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरायचं, कोरड्या, आधी वजन केलेल्या फ्लास्कमध्ये बरोबर २५ मिलिलिटर सोडायचं आणि पुन्हा वजन करायचं. पाणी २५ अंशांवर असेल तर ते हवेत जवळपास २४.९० ग्रॅम भरतं. सहापैकी पाच २४.८६ ते २४.९३ च्या मध्ये आल्या. क्लास बी म्हणून विकलेल्या काचेला हे उत्तम आहे. सहावी २४.७१ आली. पुन्हा केलं, २४.७२. तिसऱ्यांदाही तेच. म्हणजे ती मुलाला २५ सांगणार आणि प्रत्यक्षात जवळजवळ ०.२ कमी देणार. तिन्ही वजनं कागदावर लिहिली, ब्युरेट त्याच कागदात गुंडाळली आणि परत जायचं ठरवलं.

त्याआधी पेटीतली एक गोष्ट सांगायची राहिली. पेटी भाताच्या पिंजरात भरून दिली होती, थर्माकोल नाही, आणि रिक्षाच्या खड्ड्यांतून एकही नग तडकला नाही. पिंजरात प्रत्येक ब्युरेटसोबत एक वीतभर बारीक तांब्याची तार होती, केसापेक्षा थोडी जाड. मला वाटलं बांधणीची. काकांना फोन केला.

“तो दर्भ हाय बाई. तोटीत शुक्राचार्य बसला की काढायला.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच उभी होते. बळीराजा वामनाला दान द्यायला झारीतून पाणी सोडतो, शुक्राचार्य बारीक होऊन तोटीत बसतात, पाणी अडतं, वामन दर्भाची काडी खुपसतो. कामात आडवा येणाऱ्या माणसाला आपण झारीतला शुक्राचार्य म्हणतो, आणि ब्युरेटशी रोज खेळणाऱ्या प्रत्येकाला तो खराखुरा भेटलेला असतो. ग्रीसचा कण, फिल्टर पेपरचा धागा, कॉकखालच्या टोकात अडकतो आणि थेंब पडायचा थांबतो. आमच्याकडे अशा वेळी मुलं फुंकर मारतात, टाचणी घालून टोक तोडतात. बारीक मऊ तार हा त्यावरचा बरोबर इलाज आहे. काकांच्या वडिलांनी नाव झारी ठेवलं म्हणून दर्भ सुचला, की दर्भाची गरज पडली म्हणून झारी, हे मी विचारलं नाही. पण नाव कळल्यावर दुरुस्ती आपोआप सुचते हे मला तिथे दिसलं.

आणि अडलेला थेंब हा उघड शुक्राचार्य, लपलेला वेगळाच. कॉक आणि टोक यांच्यामध्ये हवेचा बुडबुडा राहतो. टायट्रेशन चालू असताना तो निघून जातो आणि त्याच्या जागी द्रावण भरतं; ब्युरेट सांगते ०.३ गेलं, फ्लास्कमध्ये मात्र काही पडलेलंच नसतं. पहिलं वाचन चुकतं, दुसरं-तिसरं जुळतं, आणि मुलं सीबीआर, म्हणजे दर वेळी सारखं येणारं वाचन, मिळेना म्हणून रडकुंडीला येतात. बावीस वर्षं मी ‘एअर बबल काढा’ सांगत आले, आणि दर वर्षी अर्धी मुलं विसरत आली. यंदा ‘सुरू करायच्या आधी तोटीतला शुक्राचार्य बघा’ म्हटलं. सरावाच्या शेवटच्या आठवड्यात मी टेबलांमधून फिरत होते, तर मोहरचं मीठ (लोहाचं एक मीठ) आणि परमँगनेटच्या टायट्रेशनला बसलेली मुलं एकामागून एक खाली वाकून टोकाकडे बघत होती. एकजण शेजारच्याला म्हणाला, “बसलाय बघ तुझ्यात.”

हा मोहरही याच गोष्टीतला. कॉब्लेन्झचा औषधतज्ज्ञ कार्ल फ्रीडरिख मोहर. ओतायच्या ब्युरेटची तोटी वरून काढून त्याने खाली आणली, रबरी नळी आणि चिमटा लावून, आणि १८५५ च्या आपल्या पुस्तकातून ती पद्धत सगळीकडे गेली. ब्युरेट हातातून स्टँडवर गेली ती तिथून. ज्याच्या नावाचं मीठ मुलं फ्लास्कमध्ये घेतात त्याचीच ही रचना. आणि गंमत अशी की मोहरची रबरी नळी परमँगनेटला चालत नाही, रबर खराब होतं. म्हणून तिथे कॉकचीच ब्युरेट लागते.

एकदा काकांना विचारलं, की महादेवाच्या पिंडीवर टांगलेलं अभिषेकपात्र तर आजच्या ब्युरेटच्या जास्त जवळचं आहे: वर टांगलेलं, खाली थेंब थेंब पडतं. मग वडिलांनी ‘गळती’ का नाही लिहिलं? ते म्हणाले, “चोपडीत गळती लिवली तर माल फुटका आलाय वाटंल की.” खरं आहे.

तक्रारीही आहेत. दुकान दुपारी १ ते ४ बंद असतं, कॉलेजच्या माणसाला तीच वेळ सोयीची असते. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, व्हीनस कॉर्नरला लावून चालत यावं लागतं. जीएसटीचं पक्कं बिल हातोहात मिळत नाही, दोन दिवसांनी पुन्हा खेप घालावी लागली, आणि आमच्या ऑफिसला पक्क्या बिलाशिवाय चालत नाही. चोपडीतली नावं बिलावर येत नाहीत, तिथे इंग्रजीच असतं, याचं मला वाईट वाटलं. क्लास ए हवी असेल तर प्रमाणपत्रासह मागवून देतात पण आठवडा लागतो. मोठ्या व्यासाचे फ्लास्क, डेसिकेटर वगैरे त्यांच्याकडे मोजकेच आहेत. त्यासाठी दुसरीकडे जा.

सहावी ब्युरेट घेऊन गेले त्या दिवशी मी वाद घालायच्या तयारीने गेले होते. तिन्ही वजनांचा कागद समोर ठेवला. काकांनी तो दोनदा वाचला, ब्युरेट ट्यूबलाइटसमोर धरून वरपासून खालपर्यंत फिरवली आणि म्हणाले, “वरच्या अंगाला नळी बारीक झालीय. काच ओढताना झालं असणार.” मग मागे जाऊन चार नवीन आणल्या, माझ्यापुढे ठेवल्या. “यातली कंची बी घेऊन जावा, मोजून बघा, न्हाई बसली तर दुसरी.” पैशांचा विषय निघाला नाही. जी नेली ती घरी २४.८९ आली.

निघताना त्यांनी चोपडी काढली, माझी जुनी ओळ शोधली आणि तिच्याखाली लिहिलं: ‘झारी ५० – १ नग, बदली. बाईंनी तोलून आणली.’